पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले, मग सातव्या दिवशी बाटल्या भरू का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पहिल्यांदाच घरी बिअर लावली आहे, माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून (मोड आणून वाळवलेल्या जवाचा अर्क) २० लिटर पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची बिअर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता; साखर उतरते तशी ती उतरते) १.०५०. यीस्ट टाकल्यावर जवळजवळ १८ तास काहीच हालचाल नव्हती. मग दोन दिवस एअरलॉक (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) नुसता उकळत होता आणि पाचव्या दिवशी गप्प झाला. आज सातवा दिवस, ग्रॅव्हिटी १.०१६. चाखून बघितलं तर हिरव्या सफरचंदासारखा वास आला आणि किंचित गोडी लागली. फर्मेंटरच्या, म्हणजे आंबवायच्या भांड्याच्या, आतल्या बाजूला तपकिरी थर धरलाय. सामानाच्या डब्यावर ‘सात दिवसांत तयार’ असं छापलंय आणि बाटल्या धुऊन मांडून ठेवल्यात. तर आज भरू का, दुसऱ्या भांड्यात काढून ठेवू का, की सगळी बॅच बिघडली?

आज भरू नका. दुसऱ्या भांड्यात काढू नका. आणि तुम्ही जे सांगितलंत त्यात बिघडल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही.

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: आंबणं संपलं हे ओळखायचं कशावरून? तुम्ही दोन गोष्टींवर विसंबलाय, डब्यावरचा मजकूर आणि एअरलॉक. दोन्ही साक्षीदार कच्चे आहेत. डबा छापणाऱ्याला तुमच्या खोलीचं तापमान माहीत नव्हतं. आणि एअरलॉक झाकणाखालच्या दाबाबद्दल सांगतो, यीस्टबद्दल नाही.

‘किती दिवस?’ याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही, हेही आधीच सांगते. यीस्टची जात कोणती, त्याची तब्येत कशी, किती टाकलं, वॉर्ट (आंबण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) किती दाट, तापमान किती, या सगळ्यावर ते ठरतं. १.०५० ची साधी एल १८ ते २० अंश सेल्सिअसवर बहुतेक वेळा १० ते १४ दिवसांत पुरती होते. १.०८० च्या वरून सुरू झालेल्या कडक बिअरला महिना सहज लागतो. लागरचं (थंडीत आंबवायच्या बिअरचं) यीस्ट ८ ते १३ अंशांत काम करतं, तिथे सगळा हिशेबच आठवड्यांचा. उलट नॉर्वेतली क्वाइक यीस्ट ३० अंशांच्या वरसुद्धा खुशीत असतात आणि तीन-चार दिवसांत साखर फस्त करतात. म्हणून धीर धरा असं मी म्हणते तेव्हा ठरावीक दिवस मोजा असं माझं म्हणणं नसतं. बघायचं काय ते माहीत असलं की धीर धरणं सोपं जातं, म्हणून आत काय चाललंय ते सविस्तर लिहिते.

पहिल्या १८ तासांपासून सुरुवात करू. झाकण लावल्यानंतरची पहिली रात्र नव्या माणसाची जीव टांगणीला लागल्यासारखी जाते. पण यीस्ट त्या वेळात रिकामं बसलेलं नसतं. वॉर्टमध्ये विरघळलेला ऑक्सिजन ते ओढून घेतं आणि पेशींच्या आवरणाला लागणारे स्निग्ध घटक तयार करतं. पुढे एकेका पेशीला कोंब फुटून नव्या पेशी होणार असतात, त्या प्रत्येकीला हे आवरण पुरायला हवं. तुमच्या २० लिटरला ढोबळमानाने १८ ते १९ हजार कोटी पेशी लागतात. ताज्या सुक्या यीस्टच्या ११ ग्रॅमच्या पाकिटात साधारण तेवढ्या मिळतात आणि आत गेल्यावर त्या आणखी काही पट वाढतात. हे सगळं होईस्तोवर बाहेरून काही दिसत नाही.

६ ते २४ तासांची शांतता मी नेहमीची समजते. ४८ तास उलटले, वर फेसाचा ठिपका नाही आणि ग्रॅव्हिटी जागची हललेली नाही, तर मात्र मी दुसरं पाकीट टाकते. त्याहून जास्त थांबत नाही, कारण गोड, कोमट आणि राखण नसलेल्या वॉर्टमध्ये नको ते जीवाणू आधी ठाण मांडतात. तुमचे १८ तास नेहमीच्या शांततेतलेच आहेत, तेव्हा ती काळजी सोडून द्या.

नंतरचे दोन दिवस दिसायला धमाल असतात. यीस्ट सोपे घास आधी उचलतं: आधी ग्लुकोज, मग माल्टोज, आणि सगळ्यात शेवटी माल्टोट्रायोज. वॉर्टमध्ये माल्टोज सर्वांत जास्त असतं, ते संपेपर्यंत जोर टिकतो. माल्टोट्रायोज तीन ग्लुकोज जोडून झालेला रेणू, यीस्टला तो आत घ्यायलाच कष्ट पडतात. त्यामुळे ग्रॅव्हिटीचे शेवटचे चार-पाच अंक (एक अंक म्हणजे ०.००१) उतरायला पहिल्या तीस अंकांपेक्षा जास्त दिवस लागू शकतात. १.०५० वरून १.०१६ पर्यंत तुमची बिअर आठवड्यात आली आणि आता रेंगाळते आहे, ते यामुळेच.

आता एअरलॉकचा हिशेब. तुमच्या बॅचमधून सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळून जवळजवळ ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला बहुतेक सगळा पहिल्या चार-पाच दिवसांतच निघून जातो. नंतर उरतो तो इतका संथ निघतो की झाकणाच्या रबरी कडेतल्या केसाएवढ्या फटीतून तो सहज वाट काढतो आणि एअरलॉकमधलं पाणी हलतही नाही. प्लॅस्टिकच्या बादलीवजा फर्मेंटरमध्ये तर पहिल्या दिवसापासून एकही बुडबुडा न येता उत्तम बिअर झालेली मी पाहिली आहे. आणि उलटंही होतं. खोली दोन अंशांनी तापली की बिअरमध्ये विरघळलेला वायू सुटतो आणि आंबणं कधीच संपलेलं असताना एअरलॉक पुन्हा बोलायला लागतो. म्हणून बुडबुडे मोजायची सवय लावून घेऊ नका.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि नव्या माणसाला ती कोणी नीट सांगत नाही. साखर संपली की यीस्टचं काम संपलं असं नसतं. जोराच्या दिवसांत ते घाईघाईत काही अर्धवट गोष्टी बाहेर टाकतं. साखरेपासून अल्कोहोल होताना शेवटून दुसरी पायरी असते अ‍ॅसिटाल्डिहाइडची. तोच तुमचा हिरव्या सफरचंदाचा वास. अजून काही दिवस यीस्टच्या सहवासात राहिलं की त्याचं अल्कोहोल होतं आणि वास आपोआप जातो. म्हणजे तुम्ही जे चाखलंत ते कच्चेपण आहे, खराबी नाही.

असाच दुसरा पदार्थ डायअ‍ॅसिटिल, ते याहून फसवं. त्याचा वास लोण्यासारखा, आणि जिभेवर एक प्रकारचा निसरडेपणा येतो. यीस्ट स्वतःसाठी एक अमिनो आम्ल बनवत असताना त्यातला एक घटक पेशीबाहेर झिरपतो. या घटकाला स्वतःची चव अशी जाणवत नाही. बिअरमध्ये त्याचं हळूहळू, आपलं आपण डायअ‍ॅसिटिल होतं. उबेत लवकर, थंडीत फार सावकाश. मग यीस्ट ते परत आत ओढून घेतं आणि चवीला निरुपद्रवी अशा पदार्थात बदलून टाकतं. यातली मेख लक्षात घ्या. आज चाखलेली बिअर स्वच्छ लागेल, तुम्ही ती भराल, आणि तीन आठवड्यांनी बाटली उघडल्यावर लोण्याचा वास येईल. झिरपलेला घटक बाटलीत जाऊन बदलला, आणि तो निस्तरायला पुरेसं जागं यीस्ट तिथे उरलं नव्हतं.

याची परीक्षा घरी करता येते आणि मी प्रत्येक बॅचची करते. दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर घ्यायची. एक पेला झाकून साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचा, दुसरा तसाच. मग पहिला निववून दोन्ही शेजारी धरून हुंगायचे. गरम केलेल्यात लोण्याचा वास आणि साध्यात नाही, तर काम बाकी आहे, आणखी तीन दिवस द्या. दोन्ही स्वच्छ, तर झालं. गरम पाण्यातला पेला बाहेर काढताना त्याच्या तोंडाशी जी वाफ दाटलेली असते, तिथेच पहिला वास मिळतो. नाक तिथे न्या, पेला हलवण्याआधी.

आता बाटल्यांकडे वळते. ‘आज भरू का’ याला मी इतकं ठाम नाही म्हटलं, त्याचं कारण चवीपेक्षा गंभीर आहे.

हिशेब बघा. ग्रॅव्हिटीचा एक अंक, म्हणजे १.०१६ वरून १.०१५, बंद बाटलीत उतरला तर बिअरमध्ये जवळपास अर्धा व्हॉल्यूम वायू वाढतो. एक व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू. पेल एलला २.३ ते २.५ व्हॉल्यूम छान लागतात आणि बाटलीत टाकायची साखर त्याच बेताने मोजलेली असते. तुमचं यीस्ट नेहमीच्या एल यीस्टसारखं ७५ टक्के साखर उतरवणारं असेल, तर १.०५० ची बिअर १.०१२-१.०१३ वर थांबायला हवी. म्हणजे तीन-चार अंक अजून बाकी आहेत. आज भरलीत तर ठरवलेल्या अडीच व्हॉल्यूमच्या वर आणखी दीड ते दोन व्हॉल्यूम, एकूण चार किंवा त्याहून जास्त. साध्या बिअरच्या बाटल्या तीनच्या आसपासच्या दाबासाठी असतात.

हे मी कागदावरून सांगत नाही. माझ्या तिसऱ्या बॅचला मी आठव्या दिवशी भरण केलं, एकदाच मोजून, एअरलॉक थांबला म्हणून. नवव्या की दहाव्या रात्री कपाटातून आवाज आला. सकाळी दार उघडलं तर दोन बाटल्यांचे नुसते तळ उभे होते, झाकणं गळ्याच्या तुकड्यांसकट वरच्या फळीला जाऊन लागली होती, आणि दाराच्या लाकडात आतल्या बाजूने काचेची बारीक कुसळं रुतलेली. ती चिमट्याने काढताना मी दाराच्या या बाजूला तोंड करून उभी राहू शकले असते, हेच डोक्यात फिरत होतं. उरलेल्या बाटल्या मी जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा लावून, प्रत्येकीवर टॉवेल टाकून, बर्फासारख्या थंड केल्यावर उघडल्या. त्या दिवसापासून दोन सारखे आकडे हातात आल्याशिवाय मी एकही बाटली भरलेली नाही.

तर मोजायचं कसं. फर्मेंटरमधून नळाने किंवा निर्जंतुक केलेल्या नळीने १०० मिलिलिटरच्या आसपास बिअर उंच नळकांड्यात काढा. ती पाच-सहा वेळा एका पेल्यातून दुसऱ्यात ओतून तिच्यातला वायू घालवा. हे टाळलंत तर बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला (ग्रॅव्हिटी मोजायच्या तरंगत्या काचेच्या नळीला) चिकटतात, त्याला वर उचलून धरतात आणि आकडा खराहून जास्त दिसतो. हायड्रोमीटर आत सोडताना बोटांनी गर्रकन फिरवा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतील. तो भिंतीला न टेकता तरंगायला हवा. डोळे द्रवाच्या पातळीला आणून वाचा. काचेच्या दांडीलगत द्रव किंचित वर चढलेला दिसतो, तो सोडून सपाट पातळीचा आकडा घ्यायचा. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना खरे असतात. नमुना २८ अंशांचा असेल तर वाचलेल्या आकड्यात सुमारे ०.००२ मिळवा. आणि एकदा साध्या पाण्यात बुडवून १.००० दाखवतो का तेही पाहून घ्या, कारण आतला कागद सरकलेले हायड्रोमीटर असतात. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) असेल तर तो सुरुवातीच्या मापापुरताच धरा. अल्कोहोल तयार झालं की दुरुस्तीच्या गणिताशिवाय त्याचा आकडा कामाचा नाही.

मोजून झालेला नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतायचा नाही. तो प्यायचा, आणि काय लागलं ते वहीत लिहायचं. तारीख, तापमान, आकडा, वास, चव. चार-पाच बॅच झाल्यावर ही वही कुठल्याही डब्यावरच्या सूचनांपेक्षा जास्त शिकवते, कारण ती तुमच्या खोलीची आणि तुमच्या यीस्टची असते.

रोज मोजू नका. प्रत्येक वेळी झाकण उघडताना थोडी हवा आत जाते. पहिल्या दिवसांत ती बाहेर ढकलायला यीस्टचा वायू असतो, आता नाही. तुम्ही आज मोजलंय. पुढचा आकडा दहाव्या दिवशी घ्या, त्याच्या पुढचा तेराव्या दिवशी. हे दोन सारखे आले, अपेक्षित जागेच्या जवळ आले आणि गरम पाण्याची परीक्षा स्वच्छ निघाली, की भरायला हरकत नाही. दहाव्या आणि तेराव्या दिवसात एक अंकाचाही फरक दिसला तर सोळावा दिवस.

या दिवसांत हात शिवशिवतील, तेव्हा करण्यासारखी एक उपयोगी गोष्ट आहे: तापमान. जोराच्या काळात यीस्ट स्वतःची उष्णता तयार करतं आणि आतली बिअर खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम असते. म्हणून सुरुवातीला खोली थंड हवी. पहिले तीन दिवस २५ अंशांच्या वर गेले तर जड अल्कोहोल आणि झोंबणारी चव येते, आणि ती नंतर कितीही थांबलात तरी जात नाही. जोर ओसरला की उलटं होतं. उष्णता बंद, बिअर खोलीइतकी थंड होते, आणि नेमकी आवराआवर करायच्या वेळी यीस्ट पेंगुळतं, तळाला बसतं. म्हणून आता फर्मेंटर दोन-तीन अंश जास्त उबेच्या जागी हलवा, २० ते २२ अंशांपर्यंत. या टप्प्यावर उबेने चव बिघडत नाही, कारण चवी घडायचं काम होऊन गेलेलं असतं. हलवताना बिअर डचमळू देऊ नका. हळूच गोल फिरवलंत तर तळाचं थोडं यीस्ट वर उठेल, ते चांगलंच.

दुसऱ्या भांड्यात काढायचा सल्ला तुम्ही कुठेतरी वाचला असणार. तो जुना आहे आणि त्यामागची भीती अशी की मेलेलं यीस्ट फुटून बिअरला रबरासारखा वास येतो. शेकडो हेक्टोलिटरच्या उंच टाक्यांत, तळाला दाब आणि उष्णता साचते तिथे, ही भीती खरी आहे. २० लिटरच्या भांड्यात तीन-चार आठवडे काही होत नाही. मी पाच आठवडेही ठेवली आहे. काढण्यात तोटा मात्र दुहेरी. ओतताना ऑक्सिजन शिरतो, त्याने बिअर काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आणि ज्या यीस्टने आवराआवर करायची, तेच तुम्ही मागे सोडून येता. फळं घालायची असतील किंवा कित्येक महिने मुरवायची असेल तर दुसरं भांडं समजण्यासारखं आहे. पेल एलला नको.

भिंतीवरचा तपकिरी थर हा फेस चढून उतरल्याची खूण आहे. त्यात हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) राळ, प्रथिनं आणि यीस्ट असतं, चाटलात तर कडू जहर लागेल. उत्तम आंबल्याचंच ते लक्षण. वर यीस्टची पांढरट बेटं तरंगत असतील तरी घाबरू नका. काळजी करायची ती दोन गोष्टी दिसल्या तर: पृष्ठभागावर सुरकुतलेली, कोरडी, पातळ कातडी आणि तिच्याखाली अडकलेले मोठे बुडबुडे, किंवा लव असलेला हिरवा-काळा ठिपका. पहिली जंगली यीस्ट-जीवाणूंची, दुसरी बुरशीची. बुरशी आली तर ओतून द्यायचं. चवीत आंबटपणा चढत जातोय, किंवा ग्रॅव्हिटी १.००८, १.००४ अशी थांबतच नाहीये, हीसुद्धा संसर्गाची खूण, आणि अशी बिअर बाटलीत कधीच भरायची नाही. कुजक्या अंड्यासारखा वास काही यीस्टचा स्वभावच असतो, आठवड्याभरात वायूबरोबर निघून जातो.

समजा दोन्ही वेळा १.०१६ च आलं तर? तेही शक्य आहे. काही एक्स्ट्रॅक्टमध्ये न आंबणाऱ्या साखरा जास्त असतात आणि बिअर खरोखरच १.०१५-१.०१६ वर संपते. संपली की अडकली हे अंदाजाने ठरवू नका. आजच वेगळा नमुना काढा, १५० मिलिलिटर पुरे. त्यात सुक्या यीस्टचे दोन चिमूट टाका, स्वच्छ बाटलीत घेऊन तोंड नुसतं फॉइलने झाका आणि २५-२७ अंशांच्या उबेला ठेवून दिवसातून चार-पाच वेळा हलवा. तीन दिवसांनी मोजा. या नमुन्यातलं यीस्ट संख्येने इतकं जास्त असतं की उतरण्यासारखं जे आहे ते उतरतंच. तो १.०१६ वर राहिला तर तुमची बिअर संपली आहे. १.०१२ ला गेला तर फर्मेंटरमधली अडकली आहे. मग आधी ऊब आणि हलकं फिरवणं, आठवडाभर. तरीही नाही, तर थोड्या वॉर्टमध्ये ताजं यीस्ट जागं करून, ते जोरात फेसाळत असताना आत घालायचं. सुकं पाकीट तसंच भुरभुरून फारसं हाती लागत नाही, अल्कोहोल आणि आम्लतेच्या वातावरणात ते नीट उठत नाही. पुढच्या बॅचला हीच नमुन्याची परीक्षा यीस्ट टाकायच्या दिवशी लावा, म्हणजे शेवट कुठे आहे हे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळलेलं असेल.

हे यीस्ट माणसाला फार उशिरा कळलं. बव्हेरियातल्या १५१६ च्या नियमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं आहेत, यीस्टचं नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं ते १८८३ मध्ये. तोवर शतकानुशतकं लोक नजर, नाक आणि जीभ यांच्या भरवशावर बिअर करत होते. तुमच्या हातात त्या तिघांखेरीज हायड्रोमीटरही आहे, सगळे वापरा.

भरायची वेळ येईल तेव्हाचं थोडक्यात. लिटरमागे ६ ग्रॅम साखर, २० लिटरला १२० ग्रॅम, उकळत्या पाण्यात विरघळवून निववून भरणाच्या बादलीत आधी घाला आणि वरून बिअर नळीने तळाशी सोडा, शिंतोडे न उडवता. फर्मेंटरच्या तळाचा साका वर घेऊ नका. प्रत्यक्षात १८ लिटरच निघाली तर साखरही १८ च्याच हिशेबाने. बाटल्या धुतलेल्या असणं वेगळं आणि निर्जंतुक असणं वेगळं. तुम्ही धुऊन मांडून ठेवल्यात, त्या भरायच्या दिवशी निर्जंतुक द्रावणातून पुन्हा काढा. ब्लीच टाळा, त्याचा अंश उरला तर औषधासारखा वास येतो. एक बाटली प्लॅस्टिकची भरा. ती दाबून बघत गेलात की बाकीच्यांत किती दाब चढलाय ते न उघडता कळतं. दोन आठवडे २० अंशांच्या आसपास, अंधारात, सगळ्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात. मग दोन दिवस थंड करून पहिली उघडा. एका आठवड्यात उघडलीत तर वायू वर फसफसून येतो आणि पेल्यात बिअर सपक राहते, कारण तो अजून नीट विरघळलेला नसतो.

दोन गोष्टी सुरक्षेच्या. फर्मेंटर लहान, बंद खोलीत ठेवला असेल तर दार-खिडकी उघडी ठेवत जा, वायू जड असतो आणि खाली साचतो. आणि फेस एअरलॉकमध्ये चढून तो तुंबला तर झाकण उडू शकतं, पुढच्या वेळी पहिले तीन दिवस जाड नळी पाण्याच्या भांड्यात सोडून ठेवा. घरी बिअर करायला परवानगी आहे का, किती करता येते, हे जागोजागी वेगळं आहे. ते पाहिलं नसेल तर आधी पाहून घ्या.

आज एवढंच करा: वेगळा नमुना उबेला लावा, फर्मेंटर दोन अंश उबेच्या जागी हलवा, बाटल्यांवर स्वच्छ कापड टाकून त्या बाजूला ठेवा. दहाव्या दिवशी मोजलंत की आकड्याबरोबर नमुन्याचं तापमान, वापरलेल्या यीस्टचं नाव आणि गरम-गार पेल्यांचा वास कसा होता ते लिहा. त्यावरून पुढचं सांगते.